अर्धा बाक

सकाळचा प्रकाश खिडकीच्या गजांमधून सावकाश आत आला, उघड्या घड्याळांच्या पितळी चाकांवर रेंगाळला आणि बाबांच्या बाकावर स्थिरावला. घड्याळे दुरुस्त करताना बाबा बाकाच्या टोकाशी बसत. उरलेली अर्धी जागा राखणदार देवदूताची, अशी त्यांची बालपणापासूनची श्रद्धा. “त्याला पंख आहेत, बाक कशाला?” मी चिडवायचो. “उडून उडून दमतो रे बिचारा,” म्हणत ते प्रार्थना पुटपुटायचे. त्यांच्या दफनानंतर मी पुन्हा चर्चची पायरी चढलो नव्हतो. आज मी त्यांच्या बाकावर काम करत असताना आई चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेसाठी आवरून आली. “येतोस?” “आई, मी यातलं काहीच मानत नाही.” “बरं,” म्हणत ती माझ्याशेजारी टेकू लागली, तोच मी तिचा दंड धरला. “तिथे नको.” आई थिजली, मी स्वतःच हादरलो. शेजारी देवदूत बसलेला आहे, हे मी मानत होतो.