आवाज बाहेर न जाणारी खोली

त्या पोरीला मोठ्या माणसांशी कसं वागावं ह्याचं काडीचं वळण नव्हतं. लग्नाच्या बायकोला खोलीबाहेर बस म्हणते! तेही नवऱ्याच्या देखत!

"आजी, आज जरा बाहेर थांबता का?" असं साखर पेरून म्हणाली होती. पण म्हणाली होतीच ना.

"नाही थांबत," आजी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून आजोबांशेजारी ठाण मांडून बसल्या. आजोबांची काठी उचलून आपल्या खुर्चीमागे उभी केली.

पोरगी विद्यापीठात शिकत होती. झटका येऊन ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलतं कसं करायचं, ह्यावर तिचा प्रबंध होता. आजोबांना गेल्या वर्षी झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं बंद झालं. दूर राहणाऱ्या मुलानं परस्पर त्यांचं नाव इथं घातलं. बाकीचे सगळे आजारी थोडंफार बोलायला लागले होते. राहिले ते आजोबाच. ते बोलले नाहीत तर प्रबंध अडणार, आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार ते पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर दिसत होतं.

खोली मात्र बघण्यासारखी होती. भिंतींना स्पंजाचे जाड थर, दाराला दुहेरी फळी, त्यात वहीएवढी काच.

"इथं कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू जात नाही," पोरगी पहिल्या दिवशी मिरवून सांगत होती.

"अशी एक आम्ही घर घेतलं तेव्हाच बांधून घ्यायला हवी होती," आजी म्हणाल्या होत्या. पोरगी खूप हसली होती.

आता तिनं कपाचं चित्र पुढं धरलं. आजोबांचे ओठ हलले. डावी भुवई वर गेली.

"कप," आजी म्हणाल्या.

"आजी, त्यांना म्हणू द्या."

"चहा हवाय त्यांना. साखर कमी पडली तर नकोय."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"भुवईवरून. दोन इयत्ता शिकले मी, पण ते वाचन पक्कं आहे."

पुढं किल्लीचं चित्र आलं. आजोबांच्या घशात घरघर सुरू झाली. आजींनी लगेच पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाला लावला.

पोरीनं चित्रं टेबलावर आपटली. "मी घरी जाऊन रेकॉर्डिंग ऐकते ना, आजी, तर सगळीकडे तुमचाच आवाज! त्यांनी तोंड उघडलं की तुम्ही आडव्या येता. घरीही असंच?"

"घरी काही नसतं. घरी आता शांत आहे. लेक येते, आठ-आठ दिवस राहते. नातवंडं ह्यांच्या पायाशी खेळतात. आधी उंबरा ओलांडत नव्हती."

"वडील आजारी आहेत म्हणून येत असतील."

"हो. म्हणूनच येते. ती तर म्हणते, आई, कशाला नेतेस त्यांना तिकडे? आहेत ते बरे आहेत."

"बरे?" पोरीचा आवाज चढला. "एका माणसाची वाचा गेलीये आणि तुमचं घर म्हणतं, बरे आहेत? अर्धा आवाज झटक्यानं नेला, आजी. उरलेला तुम्ही दाबून धरलाय!"

आजींच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. नातीच्या वयाची कार्टी, आणि ही बोलते कुणाला? जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. ती सवय त्यांना होती.

"ठीक आहे," त्या उठल्या. "बसते बाहेर. काठी माझ्याजवळ राहील."

"काठी त्यांची आहे." पोरीनं ती आजींच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली आणि आजोबांच्या चांगल्या हातात दिली. आजोबा पहिल्यांदा हसले.

बाहेरच्या बाकावर आजी फार वेळ बसल्या नाहीत. उठून काचेला नाक लावलं. आत पोरगी टेबलावर बोटांनी ठेका धरत होती, तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. शब्दाला चाल लावली की तो अलगद बाहेर येतो, असं तिचं शास्त्र होतं. मग तिनं एक फोटो पुढं सरकवला. मुलानं पाठवलेला, आजींचा.

आजोबांचं तोंड उघडलं. पोरगी आनंदानं टाळी वाजवायला गेली. टाळी वाजलीच नाही. आजोबांचं तोंड चालूच होतं, मानेच्या शिरा टरारल्या होत्या. काठी वर गेली. चित्रं खाली विखुरली. पोरगी मागं सरत सरत भिंतीच्या स्पंजाला टेकली.

बाहेर एक अक्षर ऐकू आलं नाही.

दार उघडलं तसा आवाज बाहेर आला. पोरीनं घाईनं ते पाठीमागं ओढून घेतलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"बोलले," ती म्हणाली. "अख्खी वाक्यं बोलले."

"काय बोलले?"

"ते... सांगण्यासारखं नाही, आजी. फोटो दाखवला, आणि तुम्हाला..." तिनं आजींचा हात हातात घेतला. आता आवाजात मायाच माया. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ह्या आजारात असं होतं. बाकीची भाषा पुसली जाते, शिव्या तेवढ्या शिल्लक राहतात. हे ते बोलत नाहीयेत, त्यांचा आजार बोलतोय."

आजींनी हात सोडवून घेतला.

"आजार गेल्या वर्षीचा आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "हे बोलणं लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचं आहे. एवढी शिकलीस ना, मग आता ह्यांना परत गप्प करून दाखव."