कोकोला काय हवं

“नाही,” म्हातारी म्हणाली. कोयत्याने तिने कोकोचं आणखी एक फळ फोडलं आणि आतला पांढरा गर बियांसकट बादलीत काढला.

सल्लागारबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. ही चौथी खेप. दर खेपेला जीपमध्ये तीन तास हाडं खिळखिळी करून यायचं, या बाकावर बसायचं, तोंडाला फेस येईपर्यंत समजावायचं आणि हात हलवत परत जायचं. पंचवीस वर्षांत पाच देशांतले शेतकरी त्यांनी पाहिले होते. इतकं हट्टी माणूस पाहिलं नव्हतं. गावातली चाळीस घरं तयार झाली होती. अडून बसली होती ती ही एकटी, आणि नेमकी हिचीच बाग गावाच्या मधोमध.

“आजी, रोपं फुकट आहेत,” त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. “कोकोच्या ओळींमध्ये उंच झाडं लावायची. कोकोला सावली हवी असते. उन्हाने तुमची बाग होरपळलीय, दिसत नाही का?”

“दिसतंय की.”

“मग घोडं अडलंय कुठे?”

म्हातारीने कोयता खाली ठेवला.

“अशीच एक पोरगी आली होती. माझी सून तेव्हा नवी नवरी होती. पोरगी म्हणाली, कोकोला ऊन हवं असतं. ही मोठाली झाडं पाडा, पीक दुप्पट येईल. माझे सासरे नको नको म्हणत होते. पण ती शिकलेली, आणि बोलणं किती ठाम! पाडली आम्ही. सात वर्षं पीक आलंसुद्धा दुप्पट. मग ओढा आटला. झाडं वाळायला लागली. सून आणि मुलगा शहरात गेले, ते गेलेच.”

बाईंचा पारा चढला. अशा अर्धवट लोकांमुळेच आज कुणी आपल्याला दारात उभं करत नाही!

“कोण होती ती? नाव सांगा. असेल तिथून शोधून काढते आणि जाब विचारते.”

“नाव कुठलं आठवायला. डावखुरी होती.”

बाईंचं पेन रोपांच्या अर्जावर थबकलं. ते त्यांच्या डाव्या हातात होतं. नोकरीचं पहिलंच वर्ष, हातात छापील पुस्तिका, दिवसाला दोन-दोन गावं. गावांची नावं कधीच पुसली गेली होती.

“पण... हे गाव मी पूर्वी पाहिलेलं नाही, आजी,” त्या चाचरत म्हणाल्या. “पाहिलं असतं, तर ओळखलं नसतं का?”

“कशी ओळखणार, पोरी?” म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तेव्हा इथून भर दुपारीसुद्धा आभाळ दिसत नव्हतं.”