उजवा पाय

बुऱ्हाणपूरहून समुद्र बघायला आलेल्या निरंजनरावांना पॅराग्लायडिंगवाल्या पायलटने पट्ट्यांनी आवळून स्वतःच्या पुढ्यात बांधलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हँडल कुठाय?"

"मेरे पास. आप सिर्फ बैठो, अंकल."

नुसतं बसणं हा निरंजनरावांचा स्वभाव नव्हे. घरच्या स्कूटरचं हँडल त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. इच्छापूरच्या रस्त्याला मागून बायको, अलका, "अहो, हळू" म्हणाली की उत्तर ठरलेलं, "गुपचूप बैस ना, मी बघतोय." मागच्याने बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. पण इथे ते पुढे होते.

कड्यावरून पाय सुटले आणि त्यांचं तोंडही सुटलं. "अरे भाई, धीरे! लेफ्ट लो, लेफ्ट! वो झाड देखो!"

"चुपचाप बैठो अंकल, मैं देख रहा हूँ."

खाली वाळूवर उतरल्यावर त्यांना उभंच राहता येईना. उजव्या पोटरीत गोळा आला होता. अलका धावत आली आणि पाय चोळायला बसली.

"डावा तर चांगला आहे. एकट्या उजव्यालाच काय झालं?"

निरंजनरावांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "सारखा ब्रेक दाबत होतो."

"लागला?"

"होता कुठे?"

अलका पोटरी चोळतच राहिली. "इच्छापूरच्या रस्त्याला मी पण दाबते," ती म्हणाली. "दोन्ही पायांनी."