अंगठ्याचा अंदाज

"ती लाल पट्टी आधी काढ!" उस्ताद गरजले.

सून जागची हलली नाही. पट्टी तिनंच बांधली होती, विमानाच्या चाकाच्या खांबाला, सगळ्या हँगरच्या देखत. लाल पट्टी म्हणजे काम नापास. ती तपासनीस होती आणि काम होतं तिच्या सासऱ्यांचं. एकतीस वर्षांत उस्तादांच्या कामाला कुणी पट्टी लावली नव्हती. लावली ती घरच्याच माणसानं.

"कारण सांग."

"तार बसवल्यावर तिचा ताण यंत्रानं मोजायचा असतो. कामाच्या कार्डावर तुम्ही ताणाचा आकडा लिहून सही केलीय. पण ते यंत्र महिनाभरात कपाटातून कुणी बाहेरच काढलेलं नाही."

उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी उजवा अंगठा तिच्या नाकासमोर धरला. "हे माझं यंत्र! तार दाबली की कळतं. तू शाळेत जात होतीस तेव्हापासून कळतंय."

भांडण एका तारेवरून होतं. विमानाची चाकं तेलाच्या दाबावर वरखाली होतात. त्या तेलाच्या तीन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. एक बिघडली तर दुसरी, दुसरी बिघडली तर तिसरी. तिन्ही गेल्या तर वैमानिकानं हातानं एक दांडा फिरवायचा. त्यानं तार ओढली जाते, चाकं वर अडकवून ठेवणारे आकडे सुटतात आणि चाकं स्वतःच्या वजनानं खाली पडतात. पंप नाही, तेल नाही. नुसती तार.

"तिन्ही यंत्रणा एकदम गेलेल्या पाहिल्यास कधी?"

"नाही, बाबा. पण गेल्या तर त्या तारेशिवाय काही उरत नाही."

"चार वाजता विमान द्यायचंय," पाळीप्रमुख मध्ये पडला. "घरचं भांडण घरी करा राव."

"आज उस्ताद उपाशी झोपणार!" पंखाखालून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. ते हसू उस्तादांना फार झोंबलं.

"माझ्या डोक्यावर मिरी वाटायला निघालीस? तपासनीसाच्या परीक्षेला बसायला घरात सगळ्यांचा विरोध होता तुला. कोण भांडलं तुझ्यासाठी?"

"तुम्हीच." तिचाही आवाज चढला. "मी खोटी सही करावी म्हणून भांडला होतात का?"

उस्तादांनी हातातला पाना जमिनीवर आपटला.

"पाडून बघू चाकं! सगळ्यांसमोर. नीट खाली आली तर इथंच माफी मागायची."

"मागेन."

विमान जॅकवर उचललेलंच होतं. चाकं पोटात घेतली, तिन्ही यंत्रणांचा दाब बंद केला. दांडा फिरवायला उस्ताद स्वतःच तरातरा शिडी चढून वैमानिकाच्या जागेवर गेले. दुसऱ्याच्या हातावर त्यांना आता काही सोडायचं नव्हतं. त्यांनी दांडा फिरवला. धाडकन पुढचं चाक पडलं. मग डावीकडची चाकं पडली. चाकं खाली येऊन पक्की बसल्याचे दोन हिरवे दिवे समोर लागले. तिसऱ्याची ते वाट बघत राहिले. मग दातओठ खात दांडा पुन्हा फिरवला, शेवटपर्यंत फिरवला. तिसरा दिवा लागला नाही.

ते खाली आले. उजवीकडची चाकं अजून पोटातच होती. आकडा अर्धाच सुटला होता.

सुनेनं तारेला यंत्र लावलं. काटा हव्या त्या ताणाच्या निम्म्यावरच थांबला.

"यंत्रच बिघडलंय!" तिला बाजूला सारत उस्तादांनी हात वर घातला. अंगठ्यानं तार दाबली. चांगली ताठ लागली. पुन्हा दाबली, सगळा जोर लावून.

"बाबा, हात काढा! रक्त येतंय."

त्यांनी अंगठा डोळ्यांसमोर आणला. तारेच्या पकडीच्या धारेनं तो चांगलाच खोल कापला होता. मनगटापर्यंत ओघळ आला होता. उस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना काहीच दुखत नव्हतं. त्यांनी अंगठा दुसऱ्या हाताच्या नखानं टोचून पाहिला. मग आणखी जोरात. काही नाही.

कुणी हसलं नाही. सून रुमाल घेऊन पुढे झाली, तर त्यांनी तिचा हात झिडकारला.

पाळीप्रमुखानं आवाज खाली घेतला. "होतं असं, उस्ताद. वय झालं. आता यंत्र लावून तार घट्ट करून घेऊ, विषय संपला. ही गोष्ट या हँगरच्या बाहेर जाणार नाही, मी बघतो."

"तू काय बघतोस!" उस्ताद असे ओरडले, की वरच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं उडाली. "या महिन्यात याच अंगठ्यानं मी आणखी दोन विमानांच्या तारा जुळवल्यात. एक विमान त्या कोपऱ्यात उभं आहे. दुसऱ्यात आत्ता माणसं चढतायत. फोन उचल आणि त्यांना खाली उतरव!"