दोनशेच्या आतलं

"दुपटं, टोपी, लंगोट, सगळं काढा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता वजन करू, मग इथेच पाजा, मग परत करू."

बाळंतिणीने बारा दिवसांच्या लेकीचे कपडे काढायला घेतले. घरी आठ दिवस ती हेच तर करत होती. नवरा मालवाहतुकीच्या गोदामात वजनं करायचा, तिथला एक जुना काटा त्याने घरी आणून दिला होता. पाजायच्या आधी ठेवायचं, पाजून झालं की ठेवायचं. काटा दर वेळी एकच सांगायचा, दोन किलो आठशे. पोरगी वीस-वीस मिनिटं चोखायची आणि आकडा आपला ढिम्म. आपल्याला दूधच नाही, आपण हट्टापायी लेकराला उपाशी मारतोय, हे तिच्या मनाने पक्कं घेतलं होतं.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत पावडरचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आधीच्या डॉक्टरांनी चौथ्या दिवशी मान वर न करता लिहून दिलेला. "तुझी जिद्द पुरे झाली," येताना त्या म्हणाल्या होत्या. "आज वजन नाही वाढलं तर घरी गेल्या गेल्या डबा उघडायचा." नात झाली तेव्हा तिचे गाल बघून ह्याच आजीने तिला ठमी म्हणायला सुरुवात केली होती. पाचव्या दिवसापासून ती हाक कुणी मारली नव्हती.

पहिला आकडा आला. डॉक्टरीणबाईंनी तो चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी उपडी ठेवली.

"किती आलं?"

"नंतर सांगते. आधी पाजा."

बाहेर बाकावर पाच-सहा जण खोळंबले होते, तरी त्या स्टूल ओढून समोर बसल्या. बाळाला पोटाशी नीट वळवून दिलं. कानापर्यंत चढलेले आईचे खांदे हलकेच खाली दाबले. "ऐका. गिळतेय."

"मला नाही ऐकू येत," बाळंतीण म्हणाली. "मला काहीच कळेनासं झालंय, डॉक्टर. तुम्हीही डबाच सांगणार असाल तर आत्ताच सांगा. मी देते. फक्त ती जगू दे."

"लागला तर डबाही देऊ, त्यात कसली आलीय लाज? पण आधी ऐका."

बाळाने तोंड सोडलं तेव्हा त्यांनी तिला परत काट्यावर ठेवलं आणि चिठ्ठी उलटली. "मघाशी दोन किलो नऊशे सत्तर. आता तीन किलो दहा. म्हणजे चाळीस ग्रॅम प्यायली. आणि चौथ्या दिवशी दोन आठशे दहा होती ना? रोजचे वीस ग्रॅम पडतात. सावकाश आहे, पण वाढतेय."

"घरी ह्यांच्या गोदामातल्या काट्यावर तर दोन आठशेच येतं," बाळंतीण म्हणाली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. दोन्ही बाजू भरल्या होत्या. दोन आठशे, दोन आठशे, दोन आठशे.

डॉक्टरीणबाईंनी कागद दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्यापुढे धरला. "काय तोलता हो त्या काट्यावर?"

"पोती. खोकी." तो कागदाकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. चौदा वर्षं काट्यापुढे काढलेल्या माणसाला ते आत्ता सुचत होतं. "त्याचा आकडा दोनशे ग्रॅम झाल्याशिवाय पुढे सरकत नाही," तो म्हणाला. "दोनशेच्या आतलं आम्ही धरतच नाही."

"ती दोनशेच्या आतलंच पितेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाळंतिणीने डोळे पुसले, पण पाणी काही थांबेना. "अजून एकदा ठेवता?"

डॉक्टरीणबाईंनी नुकतंच गुंडाळलेलं दुपटं पुन्हा सोडलं.

सासूबाई उठल्या. डबा पिशवीच्या तळाशी सारला, चष्मा लावला आणि काट्यावर वाकल्या. "तीन," त्यांनी वाचलं. "पुढे टिंब. मग शून्य दहा."

मग त्यांनी आपलं एक बोट नातीच्या मुठीत दिलं.

"दमवलंस गं, ठमे."