झडप

"चष्मा लावलास?" बटणावर बोट ठेवून ताईने विचारलं.

"लावलाय गं बाई!" काळ्या पडद्यापलीकडून धाकट्याचा आवाज आला. "दोन पोरांचा बाप झालो, तरी तुझा पहारा काही उठत नाही."

ताई हसली. प्रयोगशाळेत ती त्याची वरिष्ठ, घरी थोरली बहीण. दोन्हीकडे तो तिला सारखाच जुमानायचा नाही. सकाळपासून लेझरची रेघ नीट बसत नव्हती आणि दोघांची डोकी तापली होती.

यंत्र दिसायला साधंच. समोरासमोर दोन आरसे, मध्ये स्फटिकाची बोटभर दांडी. दांडीत शक्ती भरत राहायची आणि एक झडप तिची वाट अडवून धरायची. झडप उघडली, की कोंडलेलं ते सगळं एका दमात प्रकाश होऊन सुटायचं आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागात संपायचंही. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश; तो जिथे पडेल तिथे खास कार्डावर तेवढा एक ठिपका उजळायचा. पापणीला मिटायची सवडच नाही.

"सोडू?"

"सोड."

तिने बटण दाबलं.

पलीकडे धाकटा काहीतरी गुणगुणत होता. ते थांबलं.

"काय रे?"

"काही नाही. टक् झालं."

"यंत्रात?"

"डोक्यात," तो म्हणाला. "दुखत वगैरे नाहीये हं."

ताईने यंत्र बंद केलं आणि पडदा ओढला. तो टेबलावर वाकला होता. हातात चकचकीत पाना, थेट रेघेच्या वाटेत. चष्मा कपाळावर.

"त्यातून कार्डावरचा ठिपकाच दिसेना," तो ओशाळून म्हणाला. "जरासाच वर केला होता."

बटण दाबलेलं बोट तिने मुठीत आवळून धरलं.

"अशी घुम्यासारखी उभी राहू नकोस ना. ओरड तरी." तो हसत तिच्याकडे वळला. डोळे चोळले. मग डावा डोळा तळव्याने झाकून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू विरत गेलं.

त्याने मान किंचित कलती केली. नजर तिच्या चेहऱ्यावरून काढली आणि तिच्या खांद्यापलीकडे, भिंतीवर टेकवली.

"हां," तो म्हणाला. "आता दिसतोय तुझा चेहरा."