पोरीला बघू दे

पडद्यावर आठ पायांचा एक प्राणी आठ छत्र्या उघडून नाचत होता आणि शाळेचा अख्खा हॉल खिदळत होता. तेवढ्यात मागचं दार उघडलं.

लंकाबाईनं मान वळवली. उन्हाची एक फट आत आली आणि मिटली. बाहेर भर दुपार होती. पण लढाई सुरू झाल्यापासून ब्लॅकआऊटसाठी खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. तेच आज सिनेमाला कामी आले होते. नगरच्या लष्करी क्वार्टरांतल्या बायकापोरांचा जीव घटकाभर रमावा, म्हणून याकोब मास्तरांनी खटपट करून ही जपानी रिळं मिळवली होती.

"तिकडं ही गोष्ट आधी चित्रांच्या पुस्तकात यायची," पडद्याच्या कडेला उभं राहून मास्तर सांगत होते. "पुढं काय झालं म्हणून पोरं आठवडाभर वाट बघायची. मग तिचा सिनेमा काढला. जुना आहे, ओरखडे दिसतील. आता हा छोटा खलाशी बघा, बोट घेऊन कुठं निघाला!"

"मावशी, त्याचं डोळं येवढं मोठं कसं गं?" मुक्तानं विचारलं. सहा वर्षांची पोर. तिच्या एका बाजूला तिची आई केशरबाई, दुसऱ्या बाजूला शेजारच्या क्वार्टरमधली लंकाबाई.

लंकाबाईचे कान मागं लागले होते. ती बुटांचा आवाज ऐकत होती.

बूट सुभेदारांचे होते. ते हॉलच्या मधल्या वाटेनं सावकाश येत होते. या आठवड्यात ते तार घेऊन क्वार्टरांकडं दोनदा आले होते, आणि दोन्ही वेळा एकेका घरातली चूल थंड झाली होती.

पोरांच्या मजेत खंड पडू नये म्हणून त्यांनी टॉर्च खाली धरला होता. उजेड फक्त पायांवरून सरकत होता. चपला, जोडवी, पोरांचे धुळीनं भरलेले अनवाणी पाय. उजेड एक रांग सोडून पुढं गेला की त्या रांगेतल्या बाया श्वास सोडत. पोरं हसतच होती. बाया एकेक करून गप्प होत होत्या.

"केशर," लंकाबाई कुजबुजली.

"बघितलं मी," केशरबाई म्हणाली. ती पडद्याकडंच बघत राहिली.

दोघींचे नवरे एकाच पलटणीत होते. दोघं रणगाड्यांवर, दोघं सरहद्दीवर. एकाच दिवशी, एकाच गाडीनं गेले होते. सूर्यभान लंकाबाईचा, रंगनाथ केशरबाईचा.

उजेड त्यांच्या रांगेशी आला. वळला. बाकाखालून सरकत सरकत लंकाबाईच्या पायांवर थांबला.

तिनं पाय आत ओढून घेतले. उजेड हलला नाही.

"केशरबाई?" सुभेदार वाकून हळूच म्हणाले. "जरा बाहेर येता?"

"मी न्हाई!" लंकाबाई बोलून गेली. "मी न्हाई, मी लंका! ही हाय केशरबाई. ही!"

तिनं बोट दाखवलं होतं. तिच्या आवाजात आनंद होता. तो तिचा तिलाच ऐकू आला, आणि मग तिला कळलं की केशरबाईलाही ऐकू आला असणार.

केशरबाईनं तिच्याकडं पाहिलं. पडद्याचा निळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. मुक्ताचा हात तिनं आपल्या हातातून सोडवला आणि लंकाबाईच्या हातात दिला.

"पोरीला बघू दे," ती म्हणाली. "संपंपर्यंत बघू दे तिला."

"केशर, मी तसं..."

"बघू दे."

ती उठली. पदर नीट केला आणि बुटांच्या मागं गेली. दार उघडलं, मिटलं.

लंकाबाई कान देऊन बसली. आता रडं ऐकू येईल, आता येईल. मशीन टरटरत होतं. मास्तर बोटीबद्दल काही सांगत होते. बाहेरून काहीच आलं नाही. त्या आवाजाची वाट बघण्यापेक्षा तो आला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"आई कुठं गेली?"

"येती हां."

"तिचं ऱ्हाईल की बघायचं!"

"तू सांग तिला मागनं. सगळं सांग."

मुक्ता खूश झाली आणि नीट सांगता यावं म्हणून पुढं सरकून बसली. खलाशाची बोट उलटली होती. त्याचं म्हातारं मांजर भिजून लोळागोळा झालं होतं आणि आठ पायांचा तो प्राणी एका पायानं बोट, एका पायानं मांजर, एका पायानं मांजराची टोपी सावरत होता. हॉल हसून हसून लोळत होता. लंकाबाईनं मुक्ताचा हात दोन्ही हातांत धरला होता. नकळत तिनं तो घट्ट आवळला.

मुक्तानं वळून तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग फ्रॉकच्या बाहीनं तिचे गाल पुसले.

"मावशी, हितं रडायचं न्हाई," ती समजावत म्हणाली. "हितं हसायचं हाय."

लंकाबाई हसली. पोर पुन्हा पडद्याकडं वळली. पण मावशी अजून हसतेय ना, हे ती मधूनमधून वळून बघत होती.